संबंध नसलेली टेबलं एका रिपोर्टमध्ये आणायची तर आधी बेरीज, मग जॉइन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रीचं एक टेबल, खर्चाचं दुसरं आणि ग्राहकांच्या तक्रारींचं तिसरं, तिन्ही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली, एकमेकांत फॉरेन की (दोन टेबलं एकमेकांना बांधणारा नियम) वगैरे काही नाही, आणि वरून मागणी आलीय की विभागवार महिनावार तिन्ही आकडे एकाच पानावर दिसले पाहिजेत. तुम्ही तारीख आणि विभाग यांच्यावर जॉइन लावलात, म्हणजे ते जुळतील तिथे टेबलांच्या ओळी शेजारी-शेजारी जोडल्यात, रिपोर्ट आला पण बेरजा भलत्याच फुगल्या, मग डिस्टिंक्ट (सारखं असेल ते एकदाच धरणारा शब्द) लावून बघितलं तर काही महिने बरोबर आले आणि काही आणखी बिघडले. आता नक्की काय करायचं.

पहिली गोष्ट, तो डिस्टिंक्ट आत्ताच्या आत्ता काढून टाका. त्याने चूक दुरुस्त होत नाही, झाकली जाते, आणि झाकलेली चूक फुगलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण फुगलेला आकडा निदान कोणाच्या तरी डोळ्यात भरतो.

नेमकं काय होतंय ते एका दिवसापुरतं कागदावर मांडून बघा. समजा ५ तारखेला एका विभागात विक्रीच्या ३ नोंदी आहेत, १००, २०० आणि ३००, म्हणजे एकूण ६००. त्याच दिवशी त्याच विभागात खर्चाच्या २ नोंदी आहेत, ५० आणि ७०, एकूण १२०. आता तारीख आणि विभाग जुळवून जॉइन केला की विक्रीची प्रत्येक ओळ खर्चाच्या प्रत्येक ओळीला चिकटते, ३ गुणिले २ म्हणजे ६ ओळी होतात. विक्रीची बेरीज ६०० च्या जागी १२०० येते आणि खर्च १२० च्या जागी ३६०. त्यात तक्रारींचं टेबल जोडलं आणि त्या दिवशी ४ तक्रारी असतील तर २४ ओळी, विक्री ४८००, खर्च १४४० आणि तक्रारी ४ च्या जागी २४. आणि ज्या दिवशी खर्चाची एकही नोंद नाही त्या दिवशीची विक्री इनर जॉइनमुळे, जो दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवतो, गायबच होते. म्हणजे काही दिवस आकडा फुगतो, काही दिवस गळतो, आणि महिन्याच्या बेरजेत दोन्ही एकमेकांत मिसळून एखादा महिना अगदी पटण्यासारखाही दिसू शकतो. तो महिना बघून "बहुतेक बरोबर आहे" असं समजू नका.

डिस्टिंक्टचं पण तसंच. बेरजेच्या आत डिस्टिंक्ट लावला की एकाच रकमेच्या दोन खऱ्या विक्र्या असतील, समजा दोन्ही २०० च्या, तर त्यातली एक उडते. म्हणून तुमचे ज्या महिन्यात सगळ्या रकमा वेगवेगळ्या होत्या ते महिने बरोबर आले आणि बाकीचे चुकले. हा प्रकार जुन्या बीआय (बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे धंद्याचे रिपोर्ट बनवणाऱ्या) मंडळींना चांगला माहितीय, ते याला कॅझम ट्रॅप म्हणतात, दोन व्यवहारांची टेबलं एकाच मधल्या गोष्टीला जोडलेली असतात आणि त्या मधल्या गोष्टीवरून उडी मारून आपण त्यांना एकमेकांना थेट भिडवतो.

आता "संबंध नाही" याबद्दल. फॉरेन की नाही म्हणजे संबंध नाही असं नसतं. फॉरेन की हा डेटा चुकीचा पडू नये म्हणून घातलेला नियम आहे, जॉइन करायला त्याची परवानगी लागत नाही. १९७० साली एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा (डेटा टेबलांत मांडायच्या पद्धतीचा) पेपर लिहिला त्यातला एक मोठा मुद्दाच हा होता की डेटापर्यंत कुठल्या वाटेने जायचं हे आधीपासून बांधून ठेवायचं नाही, दोन्हीकडची मूल्यं जुळली की नातं जुळतं. तुमच्या तिन्ही टेबलांत तारीख आहे आणि विभाग आहे, मग नातं आहेच की, फक्त ते ओळीचं ओळीशी नाहीये. ही विक्री आणि हा खर्च यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. या विभागाच्या या महिन्याच्या एकूण विक्रीचा आणि त्याच विभागाच्या त्याच महिन्याच्या एकूण खर्चाचा मात्र आहे. सगळं उत्तर या फरकात आहे.

म्हणून क्वेरी लिहायच्या आधी एक वाक्य लिहायचं, माझी ही सवय आहे आणि मी टीममधल्या प्रत्येकाकडून ती करून घेतो: रिपोर्टची एक ओळ म्हणजे काय? तुमच्या बाबतीत एक ओळ म्हणजे एक विभाग आणि एक महिना. झालं, आता प्रत्येक टेबल स्वतंत्रपणे, दुसऱ्याकडे न बघता, आधी या पातळीवर आणायचं. विक्रीची वेगळी सबक्वेरी (मोठ्या क्वेरीच्या आतली छोटी क्वेरी), त्यात महिना, विभाग आणि रकमेची बेरीज, महिना आणि विभागावर ग्रुप बाय, म्हणजे प्रत्येक जोडीची एक ओळ. खर्चाची तशीच दुसरी. तक्रारींची तिसरी, तिथे बेरजेऐवजी काउंट, म्हणजे नुसती मोजणी. विथ लिहून तिन्ही सबक्वेऱ्यांना नावं दिलीत तर वाचायला सोपं जातं आणि प्रत्येक तुकडा वेगळा चालवून तपासता येतो, जो सगळ्यात मोठा फायदा आहे. आता तिन्हींत एका विभागाची एका महिन्याची जास्तीत जास्त एकच ओळ आहे, म्हणजे जॉइन केला तर एकाला एकच चिकटणार, फुगायला जागाच नाही.

मग जॉइन कुठला? इथे बरेच जण विक्रीला मुख्य धरून बाकीच्यांना लेफ्ट जॉइन करतात (डावीकडच्या सगळ्या ओळी राहतात, उजवीकडच्या फक्त जुळलेल्या), आणि ज्या विभागाची त्या महिन्यात विक्रीच नाही पण खर्च झालाय तो विभाग रिपोर्टमधून पडतो. फुल आउटर जॉइन लावला तर दोन्हीकडच्या ओळी राहतात, पण तीन टेबलं असली की एक बारीक चूक हमखास होते. पहिल्या दोघांचा फुल जॉइन झाल्यावर तिसऱ्याला फक्त विक्रीच्या महिन्याशी जुळवलं जातं, आणि जिथे विक्री नाही तिथे तो महिना नल (रिकामा) आहे, नल कशाशीच जुळत नाही, मग त्याच विभागाच्या दोन ओळी तयार होतात, एकीत खर्च आणि दुसरीत तक्रारी. तिसरा जॉइन दोघांच्या कोअलेस केलेल्या (दोघांपैकी जो रिकामा नाही तो घेतलेल्या) महिना आणि विभागाशी करायला लागतो. शिवाय मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फुल आउटर जॉइन नाहीच, आणि एसक्यूलाइटमध्ये तो २०२२ साली ३.३९ व्हर्जनमध्ये आला, त्यामुळे जुन्या व्हर्जनवर असाल तर तिथेही मिळणार नाही.

मला स्वतःला यापेक्षा कणा बांधायची पद्धत आवडते. महिन्यांची यादी घ्या, विभागांची यादी घ्या, दोघांचा क्रॉस जॉइन करा, म्हणजे प्रत्येक महिना प्रत्येक विभागाशी जोडा. हो, तोच क्रॉस जॉइन ज्याला सगळे घाबरतात, पण इथे तो मुद्दाम केलेला आहे, १२ महिने आणि ८ विभाग म्हणजे ९६ ओळी, एकही कमी नाही एकही जास्त नाही. मग या ९६ ओळींना विक्री, खर्च आणि तक्रारींच्या सबक्वेऱ्या एकेक करून लेफ्ट जॉइन करायच्या. तिघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही, तिघंही फक्त कण्याला जोडलेली. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये महिन्यांची यादी जनरेट सिरीज या फंक्शनने लगेच मिळते, बाकी ठिकाणी एक कॅलेंडर टेबल बनवून ठेवा, एकदाच करायचं काम आहे आणि पुढे प्रत्येक रिपोर्टला लागतं. याचा आणखी एक फायदा, ज्या महिन्यात काहीच घडलं नाही तो महिनाही दिसतो, आणि काही न घडणं ही सुद्धा बातमी असते.

एक गोष्ट सांभाळा, लेफ्ट जॉइन केल्यावर उजवीकडच्या टेबलाची अट वेअरमध्ये (क्वेरीतल्या ओळी गाळणाऱ्या भागात) टाकली, समजा तक्रारीची स्थिती "उघडी" पाहिजे म्हणून, तर नल असलेल्या ओळी त्या अटीत नापास होतात आणि तुमचा लेफ्ट जॉइन गुपचूप इनर जॉइन होऊन बसतो. अशी अट सबक्वेरीच्या आत, ग्रुप बायच्या आधी टाका.

आणि नल ला शून्य करायचं का हे प्रत्येक कॉलमसाठी वेगळं ठरवा. विक्री नाही म्हणजे विक्री शून्य, तिथे कोअलेसने ० लावणं बरोबर आहे. पण "तक्रार मिटायला लागलेले सरासरी दिवस" असा कॉलम असेल आणि त्या महिन्यात तक्रारच नसेल तर तिथे ० लिहिणं खोटं आहे, वाचणाऱ्याला वाटेल की त्याच दिवशी सगळं मिटलं. तिथे रिकामं ठेवा.

आता दुसरा रस्ता, युनियन ऑल. जॉइन टेबलं आडवी जोडतो, हे उभी रचतं. प्रत्येक टेबलातून एकसारख्या आकाराची ओळ काढायची: महिना, विभाग, विक्री, खर्च, तक्रारी असे पाच कॉलम. विक्रीच्या सिलेक्टमध्ये विक्रीच्या जागी रक्कम आणि बाकी दोन ठिकाणी ०. खर्चाच्या सिलेक्टमध्ये खर्चाच्या जागी रक्कम, बाकी ०. तक्रारींच्या सिलेक्टमध्ये शेवटच्या जागी १. तिन्हींच्या मध्ये युनियन ऑल, आणि या सगळ्याला बाहेरून गुंडाळून महिना आणि विभागावर ग्रुप बाय, तिन्ही कॉलमची बेरीज. वरच्या ५ तारखेचंच उदाहरण घेतलं तर ३ अधिक २ अधिक ४ म्हणजे ९ ओळी तयार होतात, २४ नाही, आणि बेरजा ६००, १२० आणि ४ अशा बिनचूक येतात. गुणाकार कुठे होतच नाही. फुल जॉइन नसलेल्या डेटाबेसवर तर हाच मार्ग सगळ्यात सुटसुटीत, आणि उद्या चौथं टेबल आलं तर आधीच्या जॉइनच्या अटींना हात न लावता एक कॉलम आणि एक सिलेक्ट वाढवला की काम झालं.

यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. युनियन आणि युनियन ऑल वेगळे आहेत, नुसतं युनियन सारख्या ओळी खाऊन टाकतं, म्हणजे एकाच दिवशी एकाच विभागात २०० च्या दोन विक्र्या असतील तर एक गेली, पुन्हा तोच डिस्टिंक्टचा घोळ, फक्त मागच्या दाराने. कॉलम नावाने जुळत नाहीत, क्रमाने जुळतात, तुम्ही तिसऱ्या सिलेक्टमध्ये विक्री आणि खर्चाची जागा चुकून बदललीत तरी डेटाबेस एका शब्दाने बोलणार नाही कारण दोन्ही आकडेच आहेत. नावं पहिल्या सिलेक्टची लागतात. टाइप जुळले नाहीत तर पोस्टग्रेस सरळ एरर देतो, काही ठिकाणी मात्र मुकाट्याने रूपांतर होतं, म्हणून नल किंवा ० टाकताना कास्ट करून, म्हणजे टाइप स्पष्ट सांगून टाका. एसक्यूएल सर्व्हरवर दोन डेटाबेसमधली टेबलं असतील तर टेक्स्ट कॉलमवर कोलेशनचा (अक्षरांची तुलना करायच्या नियमांचा) झगडा निघू शकतो, तिथे एका बाजूला कोलेट लिहून द्यायचं.

बेरीज नको, तपशीलच हवा असेल, म्हणजे एखाद्या विभागात तारखेवार काय काय घडलं, विक्री, खर्च, तक्रार सगळं एकाखाली एक, तर जॉइनचा विचारही करू नका, तिथे युनियन ऑलच. "प्रकार" नावाचा एक कॉलम घाला आणि मूळ टेबलातला आयडी पण सोबत ठेवा, नाहीतर कोणी विचारलं की ही ओळ कुठून आली तर तुम्हाला उलटं शोधता येणार नाही.

आता खरोखरच संबंध नसलेली गोष्ट. डावीकडे सगळ्यात जास्त खपलेल्या ५ वस्तू आणि उजवीकडे शेवटच्या ५ तक्रारी, अशी मागणी असते. इथे कुठलीही समान पातळी नाही, फक्त पान एक आहे. अशा वेळी दोन वेगळ्या क्वेऱ्या, रिपोर्टमध्ये दोन वेगळे चौकोन. काही लोक दोन्हीकडे रो नंबर देऊन त्या नंबरवर जॉइन करतात, चालतं, मायएसक्यूएलमध्ये सुद्धा ८.० पासून असे नंबर देणारी विंडो फंक्शन आहेत. पण मी हे शक्यतो टाळतो, कारण कोणीतरी तो रिपोर्ट एक्सेलमध्ये काढतं, सॉर्ट करतं, आणि समोरासमोरची वस्तू आणि तक्रार एकमेकांची आहे असं धरून पुढे बोलायला लागतं.

रिपोर्ट बनवायच्या टूलप्रमाणे थोडं बदलतं. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आतला छोटा रिपोर्ट) हा नेहमीचा मार्ग आहे पण तो डिटेल्स सेक्शनमध्ये ठेवू नका, प्रत्येक ओळीला तो पुन्हा चालतो, ५००० ओळी असतील तर ५००० वेळा. ग्रुप हेडरमध्ये ठेवा. आणि सबरिपोर्टमधली बेरीज शेअर्ड व्हेरिएबलने मुख्य रिपोर्टमध्ये आणत असाल तर ती सबरिपोर्ट छापून झाल्यानंतरच्या सेक्शनमध्येच बरोबर मिळते, म्हणून ग्रुप हेडरचे दोन भाग करा, ए मध्ये सबरिपोर्ट आणि बी मध्ये फॉर्म्युला. एसएसआरएस या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये एका टॅब्लिक्सला (रिपोर्टमधल्या तक्त्याला) एकच डेटासेट लागतो, दुसऱ्या डेटासेटमधलं आणायला २००८ आर२ पासून लुकअप फंक्शन आहे, पण लुकअप पहिली जुळलेली ओळच देतं, त्यामुळे दुसरा डेटासेट आधीच बेरीज केलेला हवा. पॉवर बीआयमध्ये विक्री आणि खर्च या टेबलांना एकमेकांशी मेनी टू मेनी रिलेशनशिप जोडायचा मोह टाळा, मध्ये एक तारखेचं टेबल आणि एक विभागाचं टेबल ठेवा, दोन्ही व्यवहारांची टेबलं त्यांनाच जोडा आणि रिपोर्टमध्ये महिना आणि विभाग या मधल्या टेबलांतूनच घ्या. राल्फ किंबॉल यांनी डेटा वेअरहाउसच्या पद्धतीत ज्याला कन्फॉर्म्ड डायमेन्शन (सगळ्यांना सामाईक असं तारीख, विभाग वगैरेंचं टेबल) म्हटलंय ते हेच, आणि असे वेगवेगळे बेरीज केलेले निकाल समान डायमेन्शनवर जोडण्याला ड्रिल अक्रॉस म्हणतात. टूल कुठलंही घ्या, आत गोष्ट तीच चाललेली असते, जमलं तर डेटाबेसमध्येच एक व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) बनवा आणि टूलला तयार ताट द्या.

आता जिथे खरा वेळ जातो तो भाग, विभागाची नावं. क्वेरी दोन तासांत होते, नावं जुळवायला दोन आठवडे लागतात. एका टेबलात "अकाउंट्स", दुसऱ्यात "लेखा विभाग", तिसऱ्यात नुसता कोड १०४, आणि कुठेतरी शेवटी एक अदृश्य स्पेस. हे केस व्हेन मध्ये (क्वेरीतल्या जर-तर अटींमध्ये) ठोकत बसू नका, एक मॅपिंग टेबल करा, एका बाजूला कुठलं टेबल आणि तिथे कसं लिहिलंय, दुसऱ्या बाजूला तुमचा अधिकृत विभाग, आणि पहिल्या बाजूवर युनिक कन्स्ट्रेंट लावाच लावा. तो नसेल आणि कोणी तेच नाव दोनदा भरलं तर त्या विभागाचा आकडा दुप्पट, आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत.

आणि मॅपिंगला लेफ्ट जॉइन करा, जे जुळलं नाही ते "न जुळलेले" अशा नावाने रिपोर्टमध्ये दिसू द्या. हे मी जीव तोडून सांगतोय कारण एका ठिकाणी मी स्वतः मॅपिंगला इनर जॉइन लावला होता. नंतर तिथे एक नवा विभाग सुरू झाला, मॅपिंगमध्ये त्याची ओळ कोणी घातली नाही, आणि चार महिने त्या विभागाचा सगळा खर्च रिपोर्टमध्ये आलाच नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही कारण जे पानावर नाही ते कोणाला दिसणार कसं. त्या चार महिन्यांत त्या आकड्यांवर निर्णय झाले होते, ते मला अजून लागतं. हे "न जुळलेले" कण्याच्या विभागांच्या यादीतही एक ओळ म्हणून घालायला विसरू नका, नाहीतर लेफ्ट जॉइनमध्ये ते पुन्हा पडेल.

तारखांचं थोडक्यात. कॉलममध्ये वेळ पण असेल तर बिट्वीन १ तारीख आणि ३१ तारीख असं लिहू नका, ३१ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस सुटतो. १ तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आत, असं लिहा. एक सिस्टीम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ ठेवते आणि दुसरी स्थानिक, असं असेल तर महिन्याच्या कडेच्या नोंदी शेजारच्या महिन्यात जातात, त्या आधी एका वेळेत आणा. आणि कुठली तारीख हेही विचारून घ्या, ऑर्डरची की बिलाची, तक्रार आल्याची की मिटल्याची, हे डेटाबेस सांगू शकत नाही, रिपोर्ट मागणाऱ्यानेच सांगायचं.

शेवटी तपासणी, आणि ही रिपोर्टबरोबरच कायमची ठेवा. प्रत्येक मूळ टेबलावर एक साधी क्वेरी, जॉइन नाही काही नाही, त्या वर्षाची नुसती बेरीज. ती बेरीज आणि रिपोर्टच्या तळाची बेरीज यांच्यातला फरक, विक्रीसाठी एक, खर्चासाठी एक, तक्रारींसाठी एक. तिन्ही फरक ० यायला हवेत आणि ओळी बरोबर ९६, "न जुळलेले" धरली तर १०८. फरक जास्त आला तर कुठेतरी एकाला अनेक चिकटतायत, कमी आला तर कुठेतरी इनर जॉइन किंवा तारखेची कड गळतेय. मग सगळ्यात छोटा विभाग आणि सगळ्यात कमी नोंदींचा महिना निवडा, तिन्ही टेबलांतल्या त्याच्या मूळ ओळी बाहेर काढा, पाच-दहाच निघतील, आणि हाताने बेरीज करून ती रिपोर्टच्या त्या एका ओळीशी ताडून बघा.